यंत्रांची झुंज

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत जत्रा म्हटली कीं कुस्त्यांचा फड आलाच. तांबड्या मातीचा हौदा, भोंवतालीं दाटलेली माणसें, हलगीचा कडकडाट आणि मध्यें एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेत फिरणारे दोन मल्ल, हें दृश्य या मुलखांतील लहान पोरासहि परिचयाचें असतें. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र महाराष्ट्रांतील अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुणांना एका निराळ्याच फडाचा नाद लागला आहे. या फडाच्या चारी बाजूंना पॉलिकार्बोनेट नांवाच्या पदार्थाच्या जाड भिंती असतात. हा पदार्थ कांचेसारखा पारदर्शक, पण कांचेहून कितीतरी चिवट. आंत माणूस नसतोच. दोन यंत्रें असतात, आणि त्यांचे कारागीर भिंतीबाहेर उभे राहून बिनतारी संदेशानें तीं चालवितात. इशारा होतो, यंत्रें एकमेकांवर धांवून जातात, पोलादावर पोलाद आपटतें, ठिणग्या उडतात आणि तीन मिनिटांत निकाल लागतो. कधीं कधीं तीन सेकंदांतहि लागतो.

कुस्ती संपली म्हणजे हरलेला पैलवान अंग झाडून उठतो व पुढच्या जत्रेची तयारी करतो. येथें हरलेलें यंत्र पुष्कळदां गोळा करून न्यावें लागतें. सहा महिन्यांचे श्रम, वर्गणी काढून जमविलेला पैसा आणि रात्री जागून केलेली जुळणी यांचा कांहीं क्षणांत चुरा होतो. अशा वेळीं शहाण्यासुरत्या घरांतून जो प्रश्न विचारला जातो तो अगदीं रास्त आहे. जें मोडण्यासाठींच नेऊन उभें करावयाचें, तें इतक्या खटाटोपानें करावयाचें तरी कशाला? अभ्यास सोडून मुलांनीं या हव्यासाच्या मागें लागावें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां झुंजीच्या फडावरून थेट कोयनानगरच्या धरणापर्यंत जावें लागतें. परंतु तेथें पोहोंचण्यापूर्वीं हीं यंत्रें म्हणजे काय व तीं कशीं घडतात हें पाहणें अवश्य आहे.

‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका नाटकांतून जगभर पसरला. ‘रोबोटा’ या चेक शब्दाचा अर्थ वेठ. म्हणून मालकाची वेठ करणारा तो रोबो. झुंजीच्या यंत्रांस हें नांव मिळालें असलें, तरी त्यांतील बहुतेकांना स्वतःची बुद्धि नसते. चालविणाऱ्याच्या हातांतील दोन दांड्या जशा हलतील तशीं तीं हलतात. त्यांचा इतिहासहि फार जुना नाहीं. अमेरिकेंत डेन्व्हर येथील कांहीं हौशी मंडळींनीं १९८७ सालीं अशा लहान यंत्रांचा सामना भरविला होता. पुढें १९९४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें मार्क थॉर्प या गृहस्थांनीं मोठ्या प्रमाणावर असा फड भरविला. थॉर्प यांचा मूळचा खटाटोप अगदीं घरगुती होता. दुरून चालवितां येईल असें केर काढण्याचें यंत्र त्यांना करावयाचें होतें. तें कांहीं साधलें नाहीं, पण त्यांतूनच झुंजीची कल्पना निघाली. १९९८ सालापासून इंग्लंडांत बी.बी.सी.नें हे सामने चित्रवाणीवर दाखविले, आणि थोड्याच काळांत अमेरिकेंतहि ‘बॅटलबॉट्स’ या नांवानें तसेच सामने सुरू झाले. तेथील अवजड गटांतील यंत्रास २५० पौंड, म्हणजे सुमारें ११३ किलो वजनाची मर्यादा असते.

आपल्याकडे हा नाद रुजला तो मुख्यतः महाविद्यालयांच्या उत्सवांतून. मुंबईंत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘टेकफेस्ट’ हा उत्सव १९९८ सालीं सुरू झाला, आणि त्यांतील ‘रोबोवॉर’ पाहण्यासाठीं पुढें प्रेक्षकांची रीघ लागूं लागली. परदेशचे संघहि तेथें आपलीं यंत्रें घेऊन येऊं लागले. विद्यार्थ्यांच्या सर्वच यंत्रस्पर्धा झुंजीच्या असतात असें मात्र नाहीं. २००२ सालीं टोकियो येथें आरंभ झालेल्या आशिया-पॅसिफिक प्रदेशाच्या ‘रोबोकॉन’ स्पर्धेंत यंत्रांना एखादें काम नेमून दिलेलें असतें. २००८ सालीं ही स्पर्धा पुण्यास बालेवाडी येथें भरली तेव्हां आपल्या गोविंदाच्या खेळावरच तिचा विषय बेतला होता, आणि गोपाळांच्या जागीं यंत्रें मडक्यांतील लोण्याच्या मागें लागलीं होतीं. या दोन जातींच्या स्पर्धांत भेद आहे तो असा: रोबोकॉनमध्यें यंत्रानें आपलें काम बिनचूक करावें एवढीच अपेक्षा असते. झुंजींत तें काम दुसरें यंत्र आपणांस मोडूं पाहत असतां करावयाचें असतें. आघात सोसणें हा तेथील अभ्यासाचा मुख्य विषय आहे.

कोयनानगर ज्या पाटण तालुक्यांत आहे त्याच्या शेजारींच कराड येथें १९६० सालीं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालें. सांगलीचें वालचंद महाविद्यालय तर १९४७ सालचें. अशा एखाद्या महाविद्यालयांतील सहा विद्यार्थ्यांनीं ६० किलोंच्या गटांत उतरावयाचें ठरविलें अशी कल्पना करावी. त्यांच्यापुढें पहिला प्रश्न शस्त्राचा नसून वजनाचा असतो. कुस्तींतील गटाप्रमाणें येथेंहि फडांत उतरण्यापूर्वीं यंत्र कांट्यावर चढतें, आणि मर्यादेपेक्षां जरासें भरलें तरी कारागिराला तेथेंच कानस घेऊन बसावें लागतें. म्हणून जाणते लोक आरंभींच वजनाचें अंदाजपत्रक मांडतात. एक जुना आडाखा असा आहे कीं शेंकडा ३० भाग शस्त्राला, ३० भाग चाकें व तीं चालविणाऱ्या मोटारींना, २५ भाग सांगाडा व चिलखताला आणि १५ भाग बॅटऱ्या व विजेच्या जुळणीला द्यावा. ६० किलोंच्या यंत्रांत हे भाग अनुक्रमें १८, १८, १५ आणि ९ किलो होतात. शस्त्राला दोन किलो अधिक दिले तर ते चिलखतांतून किंवा चाकांतून कापून घ्यावे लागतात. मिळकत ठरलेली असतां गृहिणी जसा महिन्याचा खर्च बसविते, तसाच हा प्रकार आहे. एका ठिकाणीं हात सैल सोडला कीं दुसऱ्या ठिकाणीं आखडावा लागतो.

यानंतर येतो डाव. यंत्राच्या जाती पुष्कळ असल्या तरी त्यांचें वर्गीकरण कुस्तीच्या भाषेंत सहज करतां येतें. पुढून जमिनीला टेंकणारी उतरती पट्टी असलेलें यंत्र प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखालीं शिरतें व त्याचीं चाकें जमिनीवरून सोडवितें. हा पट काढण्याचाच प्रकार झाला. दुसऱ्या जातीच्या यंत्राला दाबलेल्या हवेवर चालणारा किंवा विजेचा हात असतो. तो खालून उचलून समोरच्याला उलथा पाडतो, म्हणजे चितपट करतो. उलथें पडलेलें यंत्र स्वतः सरळ होऊं शकत नसेल, तर पंच आंकडे मोजतात व सामना तेथेंच संपतो. तिसरी आणि सर्वांत भयंकर जात फिरत्या शस्त्राची. कोणाचें शस्त्र जमिनीला समांतर फिरणारी पट्टी असते, कोणाचें उभें फिरणारें चक्र, तर कोणाचें दांतेरी नळकांडें. उभें चक्र प्रतिस्पर्ध्याला वर उडवितें, आडवी पट्टी त्याचा कडेचा भाग तोडून काढते. उभ्या चक्राला आणखी एक खोड असते. तें वेगानें फिरत असतां यंत्रानें एकाएकीं वळण घेतलें कीं एका बाजूचें चाक आपोआप उचललें जातें. भोंवरा फिरत असतां त्याचा आंस दुसरीकडे वळविण्याचा यत्न केला म्हणजे तो जसा आडवा हट्ट करतो, त्याच नियमाचा हा परिणाम आहे. म्हणून असें यंत्र चालविणाऱ्यास वळणें बेतानें घ्यावीं लागतात.

आपल्या सहा विद्यार्थ्यांनीं आडवी पट्टी निवडली असें मानूं. पट्टी पोलादाची, ६० सेंटिमीटर लांब व १० किलो वजनाची आहे, आणि ती मिनिटास ३,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्यांत सुमारें १४,८०० ज्यूल ऊर्जा सांठते आणि तिच्या टोंकाचा वेग ताशीं ३४० किलोमीटरांच्या आसपास जातो. १४,८०० ज्यूल हा आंकडा कोरडा वाटेल. तो असा समजून घ्यावा: ६० किलोंचें सबंध यंत्र २५ मीटर उंचीवरून, म्हणजे कोयना धरणाच्या जवळजवळ पाव उंचीवरून, खालीं सोडलें तर तें जमिनीवर जेवढ्या जोरानें आदळेल तेवढा जोर त्या एका पट्टींत भरलेला असतो. धरण जसें पावसाळाभर पाणी सांठवून ठेवतें व हवें तेव्हां त्याची शक्ति सोडतें, तशीच ही पट्टी कांहीं सेकंद मोटारीकडून थोडी थोडी ऊर्जा घेत राहते आणि क्षणाच्या अल्पांशांत ती सारी देऊन टाकते.

पट्टीचें वजन दुप्पट केलें तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. हा नियम कळतांच नवशिक्याला वाटतें कीं शक्य तितका वेग वाढवावा कीं काम फत्ते. येथें मात्र एक गोम आहे. यंत्र सेकंदाला ५ मीटर वेगानें पुढें धांवत आहे असें समजा. पट्टी मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर तिचीं दोन टोंकें मिळून एका सेकंदांत १०० वेळां समोरून जातात. म्हणजे एक टोंक गेल्यावर दुसरें येईपर्यंत यंत्र फक्त ५ सेंटिमीटर पुढें सरकतें. घांस बसला तर तो जास्तींत जास्त तेवढाच. फेरे ६,००० केले कीं हा घांस अडीच सेंटिमीटरांवर येतो. फार वेगानें फिरणारें शस्त्र पुष्कळदां प्रतिस्पर्ध्याला धरतच नाहीं. नुसतें खरवडून ठिणग्या उडवितें आणि त्याच्यांतील प्रचंड ऊर्जा त्याच्याजवळच राहते. यासाठीं कांहीं कारागीर दोनऐवजीं एकच दांत ठेवतात व दुसऱ्या बाजूला तोल सांभाळणारें वजन बसवितात. केवळ बळ असून भागत नाहीं, तें समोरच्याच्या अंगांत उतरावें लागतें, हें तालमींतील वस्ताद शिकवितातच. येथें तें गणितानें पटतें.

घाव बसला म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें जेवढा घाव समोरच्याला, तेवढाच उलट घाव मारणाऱ्याला बसतो. पुष्कळ यंत्रें दुसऱ्याच्या शस्त्रानें मरत नाहींत, तर स्वतःच्या शस्त्राच्या प्रत्याघातानें मरतात. पट्टीचा आंस वांकतो, बेअरिंग फुटतें, बॅटरीची तार निसटते, बोल्ट कापला जातो. म्हणून अनुभवी कारागीर अर्धें लक्ष शस्त्राकडे आणि अर्धें त्याच्या बैठकीकडे देतो. मोटार व पट्टी यांमध्यें तो दांतेचाकें घालीत नाहीं, पट्टा घालतो. कारण घाव बसतांच पट्टा क्षणभर घसरतो आणि मोटार वांचते. विजेच्या नाजूक जुळणीखालीं तो रबर किंवा फेस घालतो. प्रत्येक भाग ताठ व बळकट करणें हा भाबडेपणा आहे. कोठें ताठ राहावयाचें व कोठें लवावयाचें हें ठरविण्यांतच कौशल्य आहे.

धातूच्या निवडीचेंहि तसेंच आहे. गांवचा लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणजे तापलेलें पोलाद एकदम थंड करतो. त्यानें धार कठीण होते, पण तीच धार दगडावर बसली तर तुकडा उडतो. म्हणून जाणता लोहार पाणी दिल्यावर तें पोलाद पुन्हां हलकेसें तापवून त्याचा ताठा थोडा उतरवितो. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि एक वाढविला कीं बहुधा दुसरा घटतो. झुंजीच्या यंत्राचा दांत कठीण हवा, आंस चिवट हवा. हा भेद पुस्तकांत वाचून परीक्षेंत लिहितां येतो. परंतु स्वतः घडविलेला आंस हातांत दोन तुकडे होऊन आला म्हणजे तो जन्मभर विसरला जात नाहीं.

या सर्व धड्यांत एक धडा असा आहे कीं तो नवशिक्याच्या हमखास ध्यानांतून निसटतो. कापडाच्या सरळ तुकड्याला दोन्ही हातांनीं ओढलें तर तें सहसा फाटत नाहीं. पण कडेला कात्रीनें लहानशी चीर दिली, कीं तेंच कापड त्या चिरेपासून टर्रकन फाटत जातें. धातूचेंहि असेंच असतें. जेथें आकार एकाएकीं बदलतो, जेथें कोपरा तीक्ष्ण राहतो, जेथें जाड भाग अचानक पातळ होतो, तेथें ताण एकवटतो. सबंध भागावर वांटला गेलेला ताण तो भाग मुकाट्यानें सोसतो, पण एकवटलेला ताण त्याला तडा देतो. म्हणून कोपऱ्यांना गोलाई द्यावी व जाडी क्रमाक्रमानें उतरवावी, असें शास्त्र सांगतें. हाच धडा एका फार मोठ्या बांधकामानें कोयनेच्या खोऱ्यांत, फार मोठी किंमत घेऊन शिकविला.

कोयनेचें धरण सुमारें १०३ मीटर उंच व ८०० मीटरांहून अधिक लांब आहे, आणि त्याच्यामागें शिवाजीसागर हा जलाशय पसरलेला आहे. सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेकडे नेलेलें हें पाणी कोंकणच्या बाजूला पोफळीकडे उतरतें आणि वीज निर्माण करतें. धरण बांधलें गेलें त्या काळीं दख्खनचें हें पठार भूकंपापासून जवळजवळ मुक्त आहे अशीच समजूत होती. तरीसुद्धां अभियंत्यांनीं कांहीं अंशीं सावधगिरी बाळगली होती, आणि गुरुत्वाकर्षणाच्या एक-विसांश एवढा आडवा जोर धरणावर येईल असें गृहीत धरून हिशेब केला होता. जलाशय भरूं लागल्यानंतर त्या भागांत लहान लहान धक्के जाणवूं लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे, लोक झोंपेंत असतां, मोठा भूकंप झाला. कोयनानगर व आसपासच्या गांवांतील घरें कोसळलीं आणि सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणांत बसविलेल्या यंत्रानें तो धक्का टिपला होता. धरणाच्या आडव्या दिशेनें जो धक्का नोंदला गेला तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता. हिशेबांतील जोर व मोजलेला धक्का हे अगदीं एकाच मापाचे नसतात हें लक्षांत घेतलें, तरी गृहीत आणि प्रत्यक्ष यांत केवढें अंतर पडलें हें त्यावरून दिसतें.

धरण उभें राहिलें. जलाशय फुटला नाहीं, ही त्याच्या कारागिरांची पुण्याई. परंतु त्याच्या उंच भागांना पुढून व मागून आडवे तडे गेले होते. ते तडे कोठें गेले हें पाहण्यासारखें आहे. धरणाचा खालच्या अंगाचा उतार वर जातां जातां ज्या उंचीवर एकाएकीं बदलतो, त्या उंचीच्या आसपास ते पडले होते. कापडाची चीर म्हणा, कीं यंत्राच्या सांगाड्यांतील तीक्ष्ण कोपरा म्हणा, न्याय तोच. मग तडे बुजविण्यांत आले आणि त्या उंच भागांना खालच्या अंगानें काँक्रीटचे भक्कम धिरे देण्यांत आले. १९७० सालीं भूकंपप्रवण प्रदेशांचा नकाशा सुधारण्यांत आला व कोयनेचा भाग वरच्या दर्जाच्या धोक्यांत घालण्यांत आला. त्या तड्यांची मोजमापें व त्या धक्क्याची नोंद अभियंत्यांनीं जगापुढें ठेवली. त्यामुळें धरणांवरील भूकंपाचा परिणाम संगणकावर तपासण्याच्या नव्या पद्धति निघाल्या, कीं त्या खऱ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं जगभरचे अभ्यासक आजहि कोयनेचें धरण उदाहरणादाखल घेतात. हें मोठें कार्य केवळ धरण टिकल्यानें झालें नाहीं. तें कोठें टिकलें नाहीं हें प्रामाणिकपणें नोंदल्यानें झालें.

आतां पुन्हां झुंजीच्या फडाकडे वळावें. त्या सहा विद्यार्थ्यांचें यंत्र पहिला सामना जिंकतें आणि दुसऱ्यांत हरतें, अशी कल्पना करा. पट्टीची बैठक सांगाड्यापासून उखडली आहे, चार बोल्टांपैकीं तीन तुटले आहेत, आणि कारागिरांच्या जागेंत, ज्याला ते ‘पिट’ म्हणतात तेथें, सारे खिन्न बसले आहेत. या क्षणीं दोन मार्ग फुटतात. एक मार्ग नशिबाला, पंचांना किंवा प्रतिस्पर्ध्याच्या पैशाला दोष देण्याचा. दुसरा मार्ग तुटलेले बोल्ट हातांत घेऊन उजेडाकडे धरण्याचा. तुटलेली जागा बोलकी असते. एकाच घावांत तुटलेल्या धातूचा चेहरा खरबरीत दिसतो. पुनःपुन्हां बसणाऱ्या धक्क्यांनीं आंतल्या आंत हळूहळू चीर वाढत गेली असेल, तर तेवढा भाग गुळगुळीत झालेला असतो आणि शेवटीं तुटलेला भाग तेवढा खरबरीत राहतो. पहिल्या प्रकारांत बोल्ट लहान पडला, दुसऱ्यांत तो कित्येक दिवस झिजत होता व कोणाचें लक्ष नव्हतें. एका चेहऱ्यावरून जाड बोल्ट घालावा कीं वेळोवेळीं बदलावा, कीं भोंकाचा तीक्ष्ण कांठ गोल करावा, हें ठरतें. चवथा बोल्ट कां तुटला नाहीं, याचाहि विचार करावा लागतो. जो विद्यार्थी हे प्रश्न विचारूं लागतो त्याचें सहा महिन्यांचें काम फुकट गेलें असें कोण म्हणेल?

या नादांत धोका आहे, आणि तो लपवून ठेवणें बरोबर होणार नाहीं. १४,८०० ज्यूल ऊर्जेला शत्रु आणि मित्र ओळखतां येत नाहीं. म्हणून चांगल्या स्पर्धांतील नियम कडक असतात. फडाबाहेर शस्त्राला खिळ किंवा कडी घातलेली असलीच पाहिजे. यंत्रांतील विजेचा जोड काढून ठेवतां आला पाहिजे, आणि तो फडांत नेल्यावरच, सर्वांत शेवटीं, जोडावयाचा. बिनतारी संदेश तुटला तर चाकें व शस्त्र दोन्ही आपोआप थांबलीं पाहिजेत. शस्त्र बंद केल्यावर तें ठराविक वेळांत थांबलें पाहिजे. कांहीं स्पर्धांत ही मर्यादा ६० सेकंदांची असते. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या व जोरकस खऱ्या, पण चुरडल्या किंवा प्रमाणाबाहेर भरल्या तर भडकतात. म्हणून त्या निगराणींतच भरावयाच्या आणि आग न पकडणाऱ्या पिशवींत ठेवावयाच्या. वसतिगृहाच्या खोलींत किंवा घराच्या गच्चीवर फिरत्या शस्त्राची परीक्षा घेणें हा पराक्रम नव्हे. बंदिस्त जागा नसेल तर शस्त्र फिरवूंच नये. ज्या महाविद्यालयाला हे नियम पाळण्याइतकी देखरेख ठेवतां येत नाहीं, त्यानें विद्यार्थ्यांना या फडांत उतरवूं नये हें उत्तम. आरंभ करावयाचाच असेल तर तो एक-दीड किलोच्या लहान यंत्रापासून करावा. खर्च कमी, धोका मर्यादित आणि शिकवण मात्र बहुतेक तीच.

झुंजीनें मनांत हिंसा रुजेल कीं काय, ही शंकाहि कित्येक पालकांच्या मनांत येते. कोंबड्यांच्या झुंजींत किंवा एडक्यांच्या टकरींत मुक्या जिवाला वेदना होतात आणि माणूस त्यावर करमणूक करून घेतो. येथें मोडतें तें पोलाद, आणि वेदना होतात त्या फार तर कारागिराच्या अभिमानाला. शिवाय फडावरची रीत अशी असते कीं सामना संपल्यावर एका संघाची बॅटरी किंवा चाक नादुरुस्त झालें, तर पुष्कळदां दुसराच संघ तें उसनें देतो. दुरुस्त न झालेल्या यंत्राला हरविण्यांत गोडी नसते. तालमींत घाम गाळलेल्या पैलवानाला हें सांगावें लागत नाहीं.

मग मूळ प्रश्नाचें उत्तर काय? जें मोडण्यासाठींच करावयाचें तें करावें कशाला? उत्तर असें कीं तें मोडण्यासाठीं केलें जात नाहीं. कोठें मोडेल हें शिकण्यासाठीं केलें जातें, आणि तें माणसाच्या जिवाची किंमत न देतां शिकतां यावें म्हणून भिंतीआड मोडलें जातें. पूल, धरण, आगगाडी, पाण्याचा पंप, रुग्णालयांतील यंत्र यांपैकीं प्रत्येकावर कधींना कधीं असा आघात येतो कीं तो कोणाच्या हिशेबांत नसतो. त्या आघाताची आधीं कल्पना करणारा आणि घडल्यावर त्याची खरी नोंद ठेवणारा असे दोन प्रकारचे अभियंते समाजाला हवे असतात. एकाच माणसांत दोन्ही गुण आले तर फारच उत्तम. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत चूक झाली तर दोन गुण जातात आणि विषय संपतो. तुटलेला बोल्ट मात्र खिशांत राहतो व पुढच्या आराखड्याच्या वेळीं आठवण करून देतो. अभ्यास सांभाळून, नियम पाळून आणि पराभवाची कारणें स्वतःच्या हातानें वहींत लिहून जे विद्यार्थी या फडांत उतरतात, त्यांच्या घरच्या माणसांनीं निकालाबरोबर आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी: यंत्र कोठें मोडलें, आणि आतां तेथें काय करणार?